अठरा परस साखळी

नियम २ : साखळीचं शेवटचं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, हे हातानं ओढून बघावं.

आयेशानं मोबाइल टेबलावर आपटला आणि बसायच्या आधीच बोलायला लागली.

"ही पाटी बघा. माझ्या नवऱ्यानं सोताच्या हातानं रंगवलीया. सात नियम हायत. दुसरा वाचा. असं लिवणारा माणूस तेच टोक बांधायचं सोडंल व्हय?"

क्रांती शिंत्रेनं फोटो मोठा करून पाहिला. पांढरा पत्रा, निळी अक्षरं, सात ओळी.

क्रांतीचं ऑफिस शाहूपुरीत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर होतं. बारा वर्षं तिनं विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या. आता ती माणसं तपासत होती. मोजायची टेप मात्र अजून पर्समध्येच असे. तिच्याबरोबर इमाम मुजावर, निवृत्त हवालदार. गाडी चालवणं, चहा सांगणं आणि चुकीच्या माणसावर सगळ्यात आधी संशय घेणं ही तीन कामं तो मन लावून करी.

"सोडलं म्हणजे इसरला असं पोलीस म्हणत न्हाईत," इमाम म्हणाला. "मुद्दाम केलं म्हणत्यात."

आयेशा त्याच्याकडे वळली. "तुमी आमच्या बाजूचं का त्यांच्या?"

"पेन्शन त्यांची. बाजू तुमची."

प्रकरण पेपरात येऊन गेलं होतं. गारगोटीच्या पुढे तळेवाडीचं धरण, तिथं यशराज इंगवलेचं रिसॉर्ट. रिसॉर्टची शान म्हणजे गोव्याहून ट्रेलरवर घालून आणलेली मोटर यॉट. दसऱ्याला दुपारी पाहुण्यांना घेऊन ती पाण्यात गेली. यशराजनं नेहमीसारखा स्वतः नांगर सोडला. साखळी धावत गेली, संपली, आणि तरी थांबली नाही. मागचं टोक सुटून बाहेर आलं, चाबकासारखं फिरलं आणि यशराजच्या डोक्यात बसलं. पाण्यात पडला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

टोक बांधायचं काम बोटीचा मेकॅनिक, आयेशाचा नवरा वसीम, याचं. म्हणून चार दिवस वसीम कोठडीत.

"त्यानं हे का करावं? कारण काय दाखवतायत?" क्रांतीनं विचारलं.

"ही पाटी लावली त्या दिशी यशराजनं चार पावण्यांच्या म्होरं त्याच्या थोबाडीत दिली. माझ्या बोटीवर माझं नियम, म्हणला. वसीम घरी येऊन एवढंच बोलला, ‘ह्यो माणूस एक दिस साखळीनंच मरणार.’ ते मी शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं पोलिसास्नी." आयेशाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "म्या अडकवलाय त्याला. म्याच सोडवणार. उद्या कोर्टात न्हेणार हायत, तितनं कळंबा जेल. तुमच्याकडं आजचा दिस हाय."

क्रांतीनं पर्स उचलली.

नियम ४ : विंचवर हात असताना स्विचवर कुणाचाही पाय नको.

मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे इमामनं गाडी चालवता चालवता एक कागद तिच्याकडे दिला. पोलिसातल्या जुन्या दोस्ताकडून सकाळीच मिळवला होता. गेल्या वर्षीचा जबाब, त्याच बोटीवरचा.

‘मी बाळासो, बोटीचा चालक. मयत आकाराम हा माझा सख्खा भाचा असून नांगरावर कामाला होता. सदर दिवशी तो दारूच्या नशेत होता. साखळी ओढणाऱ्या विंचमध्ये अडकलेली कडी तो हाताने सोडवत असता त्याचाच पाय विंचच्या स्विचवर पडला व तो ओढला गेला. मालक यशराज इंगवले त्या वेळी बोटीच्या मागील भागात होते. जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे.’

"सख्खा मामा, मॅडम," इमाम म्हणाला. "भाचा मेला आणि मामानं मालकाला धुऊन काढलं. स्विचवर पाय मालकाचाच हुता, समदं गाव जाणतंय. बाळासोला आता कोण पाणी इचारत न्हाय. पर नोकरी टिकली."

"आकारामची बायको?"

"पूर्णिमा. रिसॉर्टच्या किचनात लावली तिला. तोंड बंद ऱ्हावं म्हणून." इमामनं स्टेअरिंगवर हात मारला. "आवो, झालं की मग! तिनंच केलं."

"इमामभाई, अजून तिट्टा आला नाही."

नियम ३ : सुटत्या साखळीच्या रेषेत उभं राहू नये.

बाळासो धक्क्यावर वाट बघत उभा होता. साठीचा, काटक. कपाळावर गुलालाचं बोट.

"या पावणं. काय दाखवायचं ते दाखवतो. मालक गेलं, लपवायचं काय ऱ्हायलं?"

बोट चालवायच्या खोलीत जोतिबाचा फोटो होता आणि फोटोखाली गुलालाची पुडी. चाकासमोर पाण्याची खोली दाखवणारा छोटा पडदा. पुढच्या डेकवर विंच, आणि त्याच्या पायाशी साखळीच्या पेटीचं झाकण. पेटी आता रिकामी. वसीमची पाटी कठड्याला तारेनं बांधलेली.

"साखळी किती?"

"अठरा परस. विहीर मोजायचं आमचं जुनं माप. मीटर-बिटर मला जमत न्हाय."

"मालक कुठं उभे राहायचे?"

बाळासोनं बोट दाखवलं. पेटीच्या तोंडावर, साखळीच्या वाटेत. "एक पाय म्होरं टाकून. फोटू झ्याक येतोय म्हणायचं. आन साखळी धरून ठेवणारा विंचचा क्लच समदा एकदम उघडायचं. धडधड आवाज झाला पायजे, पावणं दचकलं पायजेत. वसीमनं किती येळा सांगितलं. ऐकतंय कोण?"

"त्या दिवशी खोली?"

"सा परस. पाण्याखालच्या जुन्या माळावर हुतो. रोजचीच जागा ती. पोलीस आलं तवाबी बोट तितंच हुती."

"नांगर सापडला?"

"दोन दिस पाणबुडं आलतं. न्हाय गावला. गाळात गेला आसंल."

"अठरा परस साखळीसकट?"

"गाळ लई हाय, ताई."

इमामनं पाण्याकडे नजर टाकली. ते काठोकाठ भरलेलं होतं. "तुमचं गाव कुठलं म्हणायचं?"

"ह्या पाण्याखालचं." बाळासोचा चेहरा मऊ झाला. "जुनी तळेवाडी. माझ्या बापानं आन म्या खणीतला दगूड फोडून घर बांधलेलं. वीस वरसं झाली. घर बुडालं, खण बुडाली. सुट्टीत पोरं येत्यात, म्हणत्यात काय भारी व्ह्यू हाय."

क्रांती टॉर्च घेऊन साखळीच्या पेटीत उतरली. आत जेमतेम एक माणूस मावत होता. तळाशी, बोटीच्या हाडाला बसवलेली लोखंडी कडी. तिला बांधलेल्या सुतळीचा तुटका तुकडा लोंबत होता, पेन्सिलीइतका बारीक.

कडीवर हळद होती, कुंकू होतं. डाव्या अंगाला बोटं ओढलेली, उजव्या अंगाला बोटं ओढलेली. मधला भाग मात्र कोरा. क्रांतीनं टेप लावली. कोरा पट्टा साडेतीन सेंटिमीटर भरला. सुतळीच्या गाठीवर चिमूटभर गुलाबी पूड दिसत होती, इतर कुठंच नव्हती.

"इथंसुद्धा पूजा केलीत?" तिनं आतूनच विचारलं.

"खंडेनवमीला. समदी हत्यारं, समदी यंत्रं. वसीमनं साखळी बाहीर काढून धुतली, मग पूर्णिमानं हळदकुंकू लावलं. मग वसीम साखळी आत भरून आजऱ्याला भैनीकडं गेला, ते दसऱ्याला सांजचंच आला."

"पूजेनंतर कुणी हात लावला?"

"नवमीला पुजलेल्या हत्याराला हात लावतंय व्हय कोण? दसऱ्याला दुपारी निघालो तवाच."

"बोटीची किल्ली?"

"माझ्याकडं एक, मालकाकडं एक."

क्रांती वर आली. इमाम तिच्या कानाशी लागला. "वसीमनंच सुतळी बांधली म्हणायची, मॅडम. त्याच्यामागं कुणी हातच लावला न्हाय की."

क्रांतीनं टेप गुंडाळली. तिनं वहीत फक्त आकडा लिहिला.

नियम ७ : नांगर टाकलेल्या जागी काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवाव्यात, खुणा फाकल्या तर बोट सरकली.

यशराजची बायको संयोगिता रिसॉर्टच्या व्हरांड्यात बसली होती. तिनं दिलेली उत्तरं, दिली त्या क्रमानं:

"रडले नाही म्हणून बघताय? बघा."

"हो, पूर्णिमाच्या हातून पूजा ही माझी कल्पना. विधवेला हळदीकुंकवाचा मान द्यायचा, असे ठराव गावोगाव होतायत. मी चांगल्या मनानं म्हटलं होतं. यशराजनं पत्रकार बोलावले."

"काय बोलला ते सांगते. तिला नेमकी साखळी दाखवली आणि म्हणाला, ‘हिलाबी लाव. हिनं तुझ्या नवऱ्याला खाल्लं म्हणून रुसू नको हिच्यावर.’ लोक हसले. मी हसले नाही. थांबवलंही नाही."

"लावलं तिनं. पेटीत वाकून आतल्या कडीलापण लावलं."

"बाळासो? शेजारीच होता. पूजेचं ताट त्यानंच धरलं होतं. तो कधी काही बोलतच नाही."

"आवाज वेगळा होता, हो. रोज साखळी जराशी धडधडते आणि मंदावते. मग बाळासो बोट हळूहळू मागं घेतो, तशी थोडी थोडी सुटते. त्या दिवशी मंदावलीच नाही. वाढतच गेली. मी मागं पाहुण्यांबरोबर होते, मला वाटलं हा काहीतरी नवीन खेळ करतोय."

"फोटो आहे. नांगर सोडायच्या आधीचा. बोटीच्या मागच्या बाजूनं काढला. शेवटचाच म्हणायचा. घ्या."

"गेल्या वर्षी आकारामच्या वेळी? तेव्हाही मी बोटीच्या मागच्या भागातच होते. यशराज तिथं नव्हता. मला कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिल्या."

फोटोत यशराज पेटीच्या तोंडावर, एक पाय पुढे टाकून हसत होता. त्याच्या खांद्यामागे काठावरचं पंपहाऊस, आणि डोंगरावरची पांढरी टाकी बरोब्बर त्याच्या छपरावर, जणू पंपहाऊसनं टाकी डोक्यावर घेतली होती.

क्रांती व्हरांड्याच्या टोकाला गेली. बोट सापडली तो माळावरचा पट्टा पोलिसांनी पिवळा डबा तरंगता ठेवून दाखवला होता. तिनं डबा पाहिला, पंपहाऊस पाहिलं, टाकी पाहिली. मग पुन्हा फोटो.

नियम ६ : क्लच एकदम उघडू नये.

पूर्णिमा किचनच्या मागच्या दारात भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"धरायला आलासा व्हय? धरा. तव्यावरची तेवढी उलथू द्या."

"वसीम आत आहे. त्याला सोडवायला आलोय," क्रांती म्हणाली.

"मग भाकरी खाऊन जावा. भला माणूस हाय. आकाराम गेल्यावर ती पाटी त्यानं माझ्यासाठी लावली. म्हणला, वहिनी, निदान म्होरचा तरी वाचंल."

"यशराज मेला. आनंद झाला?"

"झाला की. लिवून घ्या." भाकरी टम्म फुगली, तिनं ती दाबली. "पर एका दणक्यात गेला त्यो, त्येचं वाईट वाटलं. माझा नवरा पाऊण तास जित्ता हुता. हात विंचमधी आन ह्यो माणूस काठावर फोन लावत हिंडत हुता, कोण काय बोलायचं ते ठरवायला. ह्येला पाऊण मिन्टबी लागलं न्हाय. ह्येच्या जिवाला कळलंबी न्हाय काय झालं ते."

इमामनं नजर चुलीकडे वळवली.

"पूजेला काय काय होतं तुमच्या ताटात?"

"हळद, कुंकू, फुलं, नारळ."

"गुलाल?"

"गुलाल कशाला? यंत्राच्या पूजेला हळदकुंकूच असतंय."

"दसऱ्याला सकाळी कुठं होता?"

"हितंच. साठ पानं वाढायची हुती. पुऱ्या लाटून हात गेलं. बोटीची किल्ली माझ्याकडं नसती, ते इचारायचं आसंल तर."

"बाळासोंशी बोलता?"

पूर्णिमाचा हात पहिल्यांदाच थांबला. "त्यो मामा माझ्यासाठी कवाच मेला. आकाराम आदल्या दिशी गेला, ह्यो दुसऱ्या दिशी सही करून."

बाहेर आल्यावर इमाम विहिरीच्या कठड्याला टेकला. मग म्हणाला, "मॅडम, हिनं केलं आसंल तर मला कायबी म्हायती करून घ्यायचं न्हाय."

"वसीमला कळंब्याला कोण डबा नेणार मग? तुम्ही?"

नियम १ : नांगर टाकण्यापूर्वी खोली मोजावी.

क्रांतीनं यॉट घेतली नाही. एका मच्छीमाराची होडी घेतली आणि किचनच्या मागच्या विहिरीवरून एक गळ उचलला. पडलेली बादली काढायचा चार आकड्यांचा लोखंडी गळ, लांबलचक दोरासकट. इमामला पोहता येत नव्हतं. तो दोन्ही काठ धरून बसला.

पिवळ्या डब्यापाशी होडी थांबली. इथून टाकी पंपहाऊसच्या चांगली हातभर उजवीकडे दिसत होती.

"डावीकडं घ्या," क्रांती म्हणाली. "अजून. अजून."

टाकी सरकत सरकत पंपहाऊसवर येऊन बसली.

"हितं कशाला, बाई?" मच्छीमार कुरकुरला. "हितं आमची जाळी बसत न्हाईत. तळच लागत न्हाय."

"इमामभाई, गळ सोडा. दोर मोजत सोडा."

इमामनं माप जमवलं: डोक्यावर ताणलेल्या हातापासून पायापर्यंत, एक परस. सहा झाले. दहा झाले. "मॅडम, कड्यावरनं सोडल्यासारखा चाललाय." पंधरा. अठरा. विसाव्याला दोर सैल पडला.

"आता ओढा."

गळ कशात तरी अडकला. तिघांनी मिळून ओढला. पाण्याबाहेर आलं ते साखळीचं टोक. टोकाच्या कडीत सुतळीचा दुसरा तुकडा होता.

इमामनं टोक पाहिलं, पंपहाऊस पाहिलं, लांबचा पिवळा डबा पाहिला. "आयला," तो म्हणाला. "मग पाणबुडं तिकडं काय शोधत हुतं?"

"त्यांना तिकडंच शोधायला सांगितलं होतं, म्हणून."

नियम ५ : खोलीच्या तिप्पट साखळी सोडावी. साखळी खोलीइतकीच असेल तिथं नांगर टाकूच नये.

चार वाजता यॉटच्या मागच्या डेकवर सगळे जमले. तपासी फौजदार घड्याळ बघत उभे होते. आयेशा त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. संयोगिता, पूर्णिमा, बाळासो. इमामनं साखळीचं ओलं टोक मध्ये आणून ठेवलं.

"मॅडम, पाच मिनिटं देतो," फौजदार म्हणाले. "सुतळी वसीमनं बांधली, हे तर साखळीवरनंबी दिसतंय."

"सुतळी दिसतेय. वसीम दिसत नाही. पेटीत टॉर्च मारून कडी बघा. दोन्ही बाजूंना हळदकुंकू आहे आणि मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा कोरा पट्टा. पूर्णिमा कडीला हात लावत होत्या तेव्हा त्या जागेवर काहीतरी रुंद गुंडाळलेलं होतं. पेन्सिलीएवढी सुतळी इतकी जागा झाकत नाही. नवमीला पूजा झाली तेव्हा तिथं जाडजूड दोर होता. वसीम त्यानंतर फक्त साखळी भरून आजऱ्याला गेला. दोर काढला गेला तो त्यामागून."

"साखळी भरताना वसीमनंच बदलला असेल."

"असेल म्हणू. पण नुसती सुतळी बांधून यशराज मेला नसता."

"का नाही?"

"रोज नांगर माळावर पडतो. सहा परस पाणी. नांगर तळाला टेकला की साखळीला खाली ओढणारं वजनच उरत नाही. ती मंदावते. उरलेली साखळी बोट मागं घेऊन हळूहळू सोडायची. शेवटचं टोक सुतळीनं बांधा, नाहीतर बांधूच नका, माळावर ते असं उसळून बाहेर येणार नाही. मग त्या दिवशी अठराही परस एका दमात कसे गेले? संयोगिताताई म्हणाल्या, आवाज मंदावलाच नाही, वाढत गेला. म्हणजे नांगर टेकलाच नव्हता. खाली अठरा परसांपेक्षा जास्त पाणी होतं."

फौजदारांनी घड्याळावरची नजर काढली.

"हा यशराजचा शेवटचा फोटो. टाकी पंपहाऊसच्या बरोबर वर. माळावरून ती तशी दिसत नाही. तशी दिसते ती दुसऱ्याच जागेवरून. तिथं आम्ही गळ टाकला. वीस परस. साखळी तिथंच होती. बोटीला नांगर उरला नाही, ती वाऱ्यानं माळावर आली, आणि तुम्ही माळावर पंचनामा केला."

"धरणात मधेच एवढा खड्डा कसा?" इमामनं विचारलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"तुम्हीच सकाळी विचारून घेतलंत, इमामभाई. जुन्या तळेवाडीची दगडाची खण. बुडून वीस वर्षं झाली. ती कुठं आहे हे पूर्णिमांना माहीत असायचं कारण नाही, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा वर पाणी होतं. वसीम गावचा नाही. यशराज पुढच्या डेकवर उभा, खोलीचा पडदा त्याला दिसत नाही. पाहुण्यांना सगळं पाणी सारखंच. बोट कुठं थांबवायची हे ज्याच्या हातात, पडदा ज्याच्या समोर आणि ती खण ज्यानं स्वतः फोडली, तो माणूस एकच. आणि त्यानंच आम्हाला सांगितलं, सहा परस."

बाळासो साखळीकडे बघत होता.

"नुसती खण असती तर जाड दोरानं साखळी झटक्यात अडवली असती, मालकाची फजिती झाली असती. नुसती सुतळी असती तर काहीच झालं नसतं. दोन्ही लागत होतं, म्हणजे दोन्ही एकाच डोक्यातून आलं. शिवाय सुतळीच्या गाठीवर गुलाल आहे."

"दसऱ्याला गुलाल कुठंबी पडतोय, मॅडम," फौजदार म्हणाले.

"उधळलेला पडतो. हा चिमटीनं लावलाय, बंद पेटीत, फक्त गाठीवर. पुजलेली गाठ नवमीनंतर सोडणं हे त्या माणसाला सहन झालं नाही. दोर सोडला, सुतळी बांधली आणि देवाची क्षमा मागितली. ताटात हळदकुंकू होतं, पण ते ताट त्याच्याजवळ नव्हतं. त्याच्याजवळ जोतिबाचा गुलाल होता."

"कवा?" इमामनं हळूच विचारलं. "बाळासो, कवा केलंस?"

"दसऱ्याला सकाळी." बाळासोनं मान वर केली. आवाज स्थिर होता. "चांगभलं म्हणून बांधली. देवाची माफी मागितली. त्येची मागायची न्हवती."

"वर्षभर गप्प राहिलात. मग एका दिवसात का?" क्रांती म्हणाली.

"ताट माझ्या हातात हुतं." त्यानं दोन्ही हात पुढे केले, अजून ताट असल्यासारखे. "सही करताना त्यो म्हणलेला, तुझ्या भाच्याची बायकू उपाशी मरंल, सही कर, तिला मी संबाळतो. म्हणून केली. वरीसभर लोक थुकलं, म्हणलं थुकू द्यात, पोरगी जेवतीया. आन नवमीला त्यो तिला म्हणतोय, रुसू नको साखळीवर. पावणं हसलं. तवाच ठरलं. त्येला त्या साखळीनंच घालवायचा." तो पूर्णिमाकडे वळला. "तुझ्यासाठी केलं, बाय. आकारामसाठी केलं. आता तरी बोल माझ्याशी."

पूर्णिमा उठली. तिच्या हाताला अजून पीठ होतं.

"माझ्यासाठी करायचं हुतं तर येक वाक्य पुरं हुतं. त्याच दिशी, पोलिसाम्होरं. आकाराम प्यालेला न्हवता. येवढंच. तुमास्नी झोप येईना, म्हणून केलं तुमी."

"पूर्णिमा..."

"आन वसीमभाई? चार दिस आत हाय. उद्या जेलात गेला असता. तुमी हितं गुलाल लावून पावण्यास्नी बोट दाखवत हुता. गेल्या साली माझ्या नवऱ्याला दारुडा केलासा, औंदा ह्या बाईच्या नवऱ्याला खुनी. सूड घेतलासा म्हणं! तेच केलंसा परत. आपली मान वाचवायला दुसऱ्याचा माणूस दिलासा."

पाच-सहा मिनिटांपूर्वी, पकडला गेला तेव्हा, बाळासो ताठ बसला होता. आता त्याच्या पाठीतून कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखा तो वाकला.

आयेशा फौजदारांसमोर जाऊन उभी राहिली. "फोन लावताय, का मी लावू?"

फौजदारांनी फोन लावला. वसीमला उद्या कोर्टात आरोपी म्हणून न्यायचं नाही, सुटकेचे कागद तयार करा, असं दोनदा सांगितलं. मग पेन काढलं आणि बाळासोसमोर बसले.

"चला. दसऱ्याला सकाळी किती वाजता बोटीवर गेलात?"

"ते मागनं," पूर्णिमा म्हणाली.

"बाई, जबाब मी घेतोय."

"घ्या की. पर आदी गेल्या सालचा. ह्यो माणूस दसऱ्याचं समदं सांगंल, छाती काढून सांगंल. गेल्या सालचं सांगायला त्येला जड जातंय. ते आदी."

फौजदारांनी क्रांतीकडे पाहिलं. क्रांतीनं पर्समधून एक कोरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

बाळासोनं कोऱ्या कागदाकडे पाहिलं.

"आकाराम," तो पुटपुटला, "त्या दिशी... प्यालेला न्हवता."

"मोठ्यानं," पूर्णिमा म्हणाली.

"आकाराम प्यालेला न्हवता. स्विचवर पाय मालकाचा हुता. म्या बघितलं."

धक्क्यावर रिसॉर्टचे नोकर जमा झाले होते. स्वयंपाकी, माळी, झाडू मारणाऱ्या दोघी. पूर्णिमानं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाळासोकडे.

"तिकडं ऐकू गेलं न्हाय," ती म्हणाली. "परत."